कृपा नाडीतून वाहते काय?

शरीराच्या साधनेने सुप्त शक्ती जागृत होते, असे आज अनेक ठिकाणी शिकविले जाते. ही शक्ती कोणती? ख्रिस्ती श्रद्धा जिला कृपा म्हणते, ती हीच काय? आणि तसे नसेल, तर ख्रिस्ती माणसाने अशा साधनेला जावे की जाऊ नये? धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देताना हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानी पडतो. पिंप्राळ्यात आणि जळगावात पहाटे प्राणायामाचे वर्ग भरतात. २०१५ पासून २१ जून हा दिवस योगदिन म्हणून जगभर पाळला जातो. पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली आपली मुले तर आता 'चीगाँग' या चिनी साधनेचे नावही घेऊन घरी येतात. कोणी म्हणतात, हे सारे परधर्माचे, म्हणून पाप. कोणी म्हणतात, व्यायाम तो व्यायाम. त्यात धर्म कसला? ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. प्रश्नाची उकल करावयाची, तर प्रथम साधना काय आहे हे नीट पाहिले पाहिजे.

साधनेचे स्वरूप

चिनी भाषेत 'ची' म्हणजे श्वास, वाफ, चैतन्य. आणि 'गाँग' म्हणजे परिश्रमाने साधलेले कौशल्य. या साधनेतील सर्वांत साधा प्रकार म्हणजे नुसते उभे राहणे. पावले खांद्यांइतकी दूर ठेवावयाची, गुडघे किंचित सैल सोडावयाचे, कंबर ताणावयाची नाही, खांदे खाली सोडावयाचे आणि टाळूला वरून एखादा दोरा बांधलेला आहे अशा भावनेने मान मोकळी ठेवावयाची. दोन्ही हात एखाद्या झाडाला कवेत घ्यावे तसे समोर धरावयाचे. श्वास सावकाश, बेंबीच्या खालपर्यंत उतरू द्यावयाचा. शरीरात 'ची'चे मार्ग असतात, ते तुंबले की रोग होतो आणि शरीर योग्य रेषेत आले की ते मोकळे होतात, अशी त्यामागील कल्पना आहे. आपल्याकडील प्राण आणि नाडी या कल्पनांशी तिचे साम्य उघड आहे, जरी दोहोंची घडण वेगळी असली तरी.

या साधनेची ओळख युरोपला करून देणाऱ्यांत ख्रिस्ती धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. पेकिंगमधील फ्रेंच येशूसंघीयांच्या लेखसंग्रहात १७७९ साली ताओपंथी साधूंच्या आसनांवर आणि श्वसनावर एक सचित्र निबंध प्रसिद्ध झाला. त्या साधूंच्या समजुती त्या लेखकाने स्वीकारल्या नाहीत. परंतु त्यांच्या साधनेत वैद्यकाच्या दृष्टीने काही तथ्य असावे, ते जाणकारांनी तपासावे, असे त्याने सुचविले. धान्य आणि भूस वेगळे करण्याची ही वृत्ती दोन शतकांपूर्वीची आहे.

आज आपण ज्याला चीगाँग म्हणतो, त्याला ते एकत्रित नाव आणि आरोग्यशास्त्राचा पेहराव विसाव्या शतकाच्या मध्यात, १९५० च्या दशकातील चिनी आरोग्यधामांत मिळाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ही साधना दडपली गेली. १९८० च्या दशकात तिची प्रचंड लाट आली. तेव्हा आपल्या तळहातातून शक्ती सोडून दूरवरच्या रोग्याला बरे करतो, असे सांगणारे 'गुरू' गर्दीने भरलेल्या सभागृहांत वावरू लागले. साधना तीच, पण तिच्याभोवती केवढा पसारा उभा राहिला!

अमळनेरचा एक प्राध्यापक

या विषयाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. जगन्नाथ गणेश गुणे हे १९१६ ते १९२३ या काळात अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन करीत होते. १९२१ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगाविषयी जे सांगितले जाते ते तपासून पाहावे, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला आणि नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब कमी होतो, हे मोजून दाखविले.

त्यांचा एक निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचा आहे. मराठीत आपण ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हणतो. त्यामुळे प्राणायाम म्हणजे जास्त प्राणवायू, आणि जास्त प्राणवायू म्हणजे जास्त प्राण, असे समीकरण आपल्या मनात नकळत तयार होते. प्राणायामात नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू शोषला जातो ही समजूत चुकीची आहे, असे कुवलयानंदांनीच मांडले. त्याची उपयुक्तता त्यांना अन्यत्र, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामात दिसत होती. स्वतः श्रद्धाळू साधक असूनही जे मोजमापात उतरत नाही ते उतरते असे त्यांनी म्हटले नाही. हा प्रामाणिकपणा साधना शिकविणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी शरीराच्या रेषेकडे असेच बारकाईने पाहिले. बालपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांना पोखरले होते. पुढे आसन शिकविताना लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या अशी साधने त्यांनी वापरात आणली, ती दुबळ्या, म्हाताऱ्या, आजारी माणसालाही योग्य रेषेत उभे राहता यावे म्हणून.

एवढे मान्य करण्यास ख्रिस्ती माणसाला काहीच अडचण नसावी. सावकाश श्वसनाने रक्तदाब काहीसा उतरतो, संथ हालचालींच्या सरावाने वृद्धांचा तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण घटते, हे अभ्यासांतून दिसले आहे. शरीराचे विच्छेदन करणाऱ्या वैद्याला मात्र 'ची'चे मार्ग वा नाड्या रक्तवाहिन्यांसारख्या सापडलेल्या नाहीत. आत उष्णता फिरते, हातांत मुंग्या येतात, हा अनुभव खोटा नसतो. त्याला दिलेला अर्थ तपासावा लागतो.

आपल्या घरचे धन

शरीर हे प्रार्थनेतील अडथळा आहे, असे ख्रिस्तसभेने कधीच शिकविलेले नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, तेव्हा तो जिवंत होतो. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिहींना 'रूआह' हा एकच शब्द आहे. आपल्याही बोलीत घाबरलेल्याच्या 'जिवात जीव येतो', आणि श्वासावर असोद्याच्या बहिणाबाईंनी जे लिहून ठेवले, ते खानदेशात कोणाला ठाऊक नाही?

संत दोमिनिक यांच्या प्रार्थनेच्या नऊ शारीरिक पद्धती मध्ययुगापासून नोंदल्या गेल्या आहेत: वाकून, साष्टांग पडून, गुडघे टेकून, हात क्रुसासारखे पसरून. संत इग्नेशियस लोयोला सांगतात की, गुडघ्यावर, पालथे, उताणे, बसून वा उभे राहून प्रार्थना करावी आणि ज्या स्थितीत हवे ते लाभते तेथेच थांबावे. त्यांच्या प्रार्थनेच्या तिसऱ्या पद्धतीत तर प्रत्येक श्वासाला प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द जोडलेला आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती मठवासी येशूच्या नामाची प्रार्थना श्वासाच्या लयीवर करीत आले. आणि दर रविवारी मिस्सेत आपण उभे राहतो, बसतो, गुडघे टेकतो, ते काय म्हणून? शुभवर्तमान वाचताना उभे राहणारा देह त्या क्षणी काहीतरी बोलत असतो. पण गेली कित्येक वर्षे आपण बाकाला रेलूनच उभे राहत असू, तर आपल्या मुलांना शरीराची प्रार्थना अन्यत्र शोधावीशी वाटली, याचे नवल वाटू नये.

प्रभूच्या अंगातून निघालेली शक्ती

येथे एक चतुर प्रश्न केला जातो. रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या स्त्रीने येशूच्या वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा आपल्यातून शक्ती निघाली हे त्याला जाणवले, असे शुभवर्तमानातच आहे ना? मग तीही 'ऊर्जा'च नव्हे काय?

हा वृत्तांत पुन्हा सावकाश वाचावा. त्या दिवशी येशूभोवती दाटी होती; कित्येकांची अंगे त्याच्या अंगाला घासत होती. शक्ती विजेसारखी वाहती, तर ती सगळी गर्दीच बरी व्हावयास हवी होती. दुसरे असे की, ती स्त्री बरी झाल्यावर काम संपले नाही. येशू थांबतो. कोणी स्पर्श केला, असे विचारतो. शिष्यांना तो प्रश्न विचित्र वाटतो, तरी तो तिचा चेहरा पाहिल्यावाचून पुढे जात नाही. ती थरथरत समोर येते, सारे खरे सांगते, आणि तो तिला 'मुली' म्हणून हाक मारतो. तिला बरे करणारी शक्ती त्याच्या वस्त्राच्या गोंड्यापाशी मिळाली. पण तिला कन्या करणारी कृपा त्याच्या समोरासमोर भेटीत मिळाली. शक्ती कोणाच्याही अंगाला लागू शकते. कृपेला मात्र देणारा असतो, त्याला चेहरा असतो, आणि तो आपले नाव घेतो.

म्हणून कृपा नाडीतून वाहत नाही. ती आपल्या मेहनतीने मोकळी करता येत नाही, साठविता येत नाही, दुसऱ्याच्या अंगात सोडता येत नाही. तंत्र आपल्या हाती असते. कृपा कधीच नसते. व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानाविषयी जे पत्र काढले, त्यात हाच विवेक आहे. आसन आणि श्वास यांचे साहाय्य ते नाकारत नाही. परंतु काही शारीरिक क्रियांनी शांतता, सुखद संवेदना, कधी प्रकाश वा उष्णता यांचा अनुभव येतो. त्यालाच पवित्र आत्म्याचे सांत्वन मानणे चूक ठरेल, आणि जीवन तसे नसताना त्या अनुभवाला साक्षात्काराचे मोल देणे मनाला व शीलाला घातक ठरू शकते, असे ते बजावते.

लोणावळ्यातच फादर अँथनी डिमेलो यांनी 'साधना'च्या द्वारा असंख्य धर्मगुरू-धर्मभगिनींना देहाची संवेदना आणि श्वास यांच्याकडे लक्ष देत प्रार्थना करण्यास शिकविले. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये निघाले. त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच मंडळाने त्यांच्या लेखनातील उपयुक्त घटक मान्य करूनही, विशेषतः नंतरच्या लेखनातील काही विचार कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे सांगितले. श्वासाकडे लक्ष देण्यात दोष नव्हता. शांततेच्या पलीकडे आपल्याशी बोलणारा कोणी आहे की नाही, हा वादाचा विषय होता.

सरळ आणि ताठ

मराठीने या बाबतीत मोठा शहाणपणा सांभाळून ठेवला आहे. 'सरळ' माणूस म्हणजे प्रामाणिक माणूस. 'ताठ' मानेने जगणे हा गौरव. पण 'ताठा' हा दुर्गुण. साधनेतही हाच भेद शिकविला जातो: पाठ सरळ असावी, पण ताठरलेली नसावी. देहाचा हा नियम आत्म्यालाही लागू आहे. जी साधना माणसाला सरळ करते ती घ्यावी. जी ताठा देते ती कितीही सुखद असो, सोडावी.

नुसत्या शक्तीचे काय होते, हे पिंप्राळ्यात वेगळे सांगावयास नको. आषाढी एकादशीला येथे आणि कार्तिकीला जळगाव शहरात रथ निघतो. दोर ओढणारे हात पुष्कळ असतात, पण चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून रथाला आवरणारा आणि वळविणारा माणूस नसेल, तर तीच शक्ती गर्दीच्या अंगावर जाईल. कठोपनिषदाने शरीराला रथच म्हटले आहे. आपल्या श्रद्धेच्या भाषेत विवेक ही ती मोगरी होय.

मग जावे की जाऊ नये? अवश्य जावे, पण काही प्रश्न बरोबर घेऊन. शिकविणारा देह आणि श्वास शिकवितो, की स्वतःच्या शक्तीवर श्रद्धा ठेवण्यास सांगतो? तेथे आपल्याला न पटणारी उपासना करावी लागते काय? तो रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे सोडावयास सांगतो काय? तसे असेल, तर त्याच दिवशी उठून घरी यावे. वैद्य आणि औषध हीदेखील देवाचीच देणगी आहे. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा: या साधनेनंतर घरात माझा आवाज उतरला काय? आविलाच्या संत तेरेजा यांनी प्रार्थनेची कसोटी गोड अनुभवात शोधली नाही. शेजाऱ्यावरील प्रीतीत शोधली. तासभर शांत बसून आलेला माणूस चहाला उशीर झाला म्हणून सुनेवर खेकसत असेल, तर त्याचे सारे मार्ग मोकळे असले तरी तो मात्र तुंबलेलाच आहे.

संत लूक यांनी शब्बाथाच्या दिवशीची एक हकीकत सांगितली आहे. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, मुळीच सरळ होऊ न शकणारी एक स्त्री सभास्थानात होती. तिने काही मागितले नाही. येशूने तिला पाहिले, बोलाविले, हात ठेवले. ती सरळ उभी राहिली आणि तिने देवाचे स्तवन केले. सभास्थानाचा अधिकारी मात्र रागावला. त्याची पाठ सरळ होती. करुणेपुढे वाकणे त्याला जमले नाही. बैलाला शब्बाथाच्या दिवशीही गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता, मग या अब्राहामाच्या कन्येला का सोडू नये, असे प्रभूने विचारले.

आपल्या खानदेशात कापूस वेचताना दिवसभर वाकलेल्या बायका आहेत. केळीचे घड खांद्यावर वाहून ज्यांची मान एका बाजूला झुकली असे पुरुष आहेत. त्यांना योग्य रेषेत उभे राहण्याचा वर्ग परवडत नाही, आणि नुसत्या वर्गाने त्यांची पाठ सरळ होणारही नाही. त्यासाठी रास्त मजुरी, विश्रांती आणि वेळेवर औषधपाणी लागते. पहाटे मोकळ्या हवेत आपण सरळ उभे राहू, खोल श्वास घेऊ, त्या श्वासाच्या दात्याचे आभार मानू. आणि दिवस वर आल्यावर ज्यांची पाठ वाकली आहे त्यांच्या ओझ्याला हात लावण्यास खाली वाकू. ज्या साधनेला हे वाकणे जमते, ती ख्रिस्ती माणसाने निर्धास्तपणे करावी.