ओळख की वशिला?

नोकरीसाठी कोणाकडे शब्द टाका असे म्हटले की, आपल्यातील काही सरळमार्गी माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. वशिल्याची भाकरी प्रामाणिक कशी, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु ओळख करून देणे आणि वशिला लावणे ही एकच गोष्ट आहे काय? ह्याचा विचार आम्ही एका दूरच्या शहरावरून करू इच्छितो.

कॅनडाने १९६७ साली परदेशातून येणाऱ्यांची निवड शिक्षण, व्यवसाय, भाषा इत्यादींच्या गुणांवर करण्यास प्रारंभ केला. आपल्याही घरांतील शिकलेली मुले ह्या वाटेने तिकडे गेली आहेत. परंतु तेथे पोहोचल्यावर पुष्कळांना एकच प्रश्न ऐकावा लागला : येथील कामाचा अनुभव आहे काय? अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही! ज्या पदवीने देशाचे दार उघडले, तिने कचेरीचे दार उघडेना. मग अभियंता टॅक्सी चालवू लागला आणि हिशेबनीस गोदामात खोकी उचलू लागला.

हे पाहून टोरोंटो येथे २००३ साली टोरोंटो रीजन इमिग्रंट एम्प्लॉयमेंट कौन्सिल ही संस्था निघाली. २००४ पासून ती नवागताची गाठ त्याच्याच व्यवसायातील जाणत्या माणसाशी घालून देते. दोघे काही महिने भेटतात. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत स्वतःच्या कामाविषयी कसे बोलावे, कोणाला भेटावे, हे जाणता सांगतो. नोकरीचे वचन मात्र तो देत नाही.

हा वशिला नव्हे. वशिला नालायकास लायकाच्या पुढे बसवतो; मार्गदर्शन लायकास रांग कोठे आहे ते दाखवते. स्थायिक माणसाला तेथील अलिखित रीती वडिलांकडून, शेजाऱ्यांकडून, सोबत्यांकडून आपसूक कळलेल्या असतात. त्या दुसऱ्यास सांगणे हा उपकार नसून ते आपल्यावरचे देणे आहे.

शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले आणि त्याच्याविषयी जे खरे होते तेच सांगितले. पुढे तार्ससास जाऊन त्याने त्याला शोधून अंत्युखियास आणले, व दोघांनी वर्षभर बरोबर काम केले. बर्णबाने आपले चांगले नाव पणास लावले, परंतु खोटे काही सांगितले नाही.

येथे दोन धोके मात्र ओळखले पाहिजेत. केवळ आपल्या जातीच्या वा नात्याच्या माणसाचाच हात धरला, तर मार्गदर्शनाचा पुन्हा वशिलाच होतो. दुसरे असे की, दयेने अन्याय झाकला जाऊ नये. ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली सांगितले की, केवळ कॅनडातील अनुभवाचाच आग्रह हा वरवर पाहता भेदभाव होय. २०२४ साली तेथील विधिमंडळाने नोकरीच्या जाहिरातींत अशी अट घालण्यास मनाई करणारा कायदा केला. अरुंद दारातून आत शिरण्यास जो शिकवतो, त्याने ते दार विनाकारण अरुंद आहे हेही बोलले पाहिजे.

वाचकहो, टोरोंटो दूर आहे. पण परगावाहून आलेला तरुण आपल्या मंदिरातही शेवटच्या बाकावर बसतो. आम्ही त्याचे नाव विचारतो, गाव विचारतो. त्याला कोणते काम येते, हे आम्ही कधी विचारले आहे काय?