वाघाडीपासून कोरिंगापर्यंत

यवतमाळला समुद्र नाही. तरीही आज थोडा वेळ मन खाडीवर ठेवायचं आहे. निवांत बसा. पाठ सैल सोडा, श्वास आपल्या चालीने चालू द्या.

आधी शहराजवळचं निळोणा धरण डोळ्यांपुढे आणा. हिवाळ्यातली सकाळ. काठालगतच्या उथळ पाण्यात हळदीकुंकू बदकं चरताहेत, एखादा बगळा एका पायावर उभा आहे. हे वाघाडी नदीचं पाणी. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी याच पाण्यासाठी रात्री जागून काढल्या. ती आठवण आली तर येऊ द्या. ज्याने टँकरची वाट पाहिली आहे, त्याला पाण्याकडे कसं पाहायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता पावसाळा मनात आणा. वाघाडी घाटंजीच्या अंगाने वाहत जाते आणि पैनगंगेला मिळते. पूस, अरुणावती, अडाण याही तिच्याच पोटात येतात. मुरलीजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून खाली कोसळते. तिथे जरा थांबा. आवाज कानात भरू द्या, तुषार तोंडावर येऊ द्या. मग पाण्याचा रंग पाहा. दाट, मातकट. आपल्या पऱ्हाटीच्या वावरातली माती त्यात आहे.

पुढे पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला. दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोदावरीला फाटे फुटतात. त्यातल्या गौतमीच्या मुखाशी, काकीनाडा शहराजवळ, कोरिंगाचं कांदळवन आहे.

इथे मात्र सावकाश. ओहोटी लागली आहे. पाणी मागे सरतंय आणि चिखल उघडा पडतोय. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटाएवढी मुळं सरळ वर आली आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वासासाठी मुळं वर पाठवतं. त्याचं एक पान हातात घ्या, बोट फिरवा. बोटाला खरखर लागते ती मिठाची. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. ते हवं तेवढा वेळ पाहत राहा.

जवळच निवटी पुढच्या परांच्या जोरावर चिखलात सरपटतेय. मासा असून तिला कोरड्याची भीती नाही. पाणमांजरांचा कळप वळणावर दिसतो न दिसतो तोच बुडी मारतो. मासे पकडणारं रानमांजर बहुतेक रात्रीच निघतं; दिवसा दिसतात फक्त त्याच्या पावलांचे ठसे. समोरच्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

पायाखालच्या चिखलाकडे पुन्हा बघा. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश नद्यांनी आणलेल्या गाळाचा आहे, आणि त्या गाळात दख्खनच्या काळ्या खडकाची झीज आहे. मला तर यवतमाळ त्या खाडीचाच वरचा काठ वाटतो. वाटेतल्या धरणांत आता बराच गाळ अडतो, त्यामुळे खालच्या किनाऱ्याला नवी माती कमी मिळते. आपल्याला धरणांशिवाय राहता येणार नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी राहू द्या. लगेच निकाल लावू नका. पण गाळ अडला तरी नाल्यात टाकलेलं प्लास्टिक आणि फवारणीचं औषध पुराबरोबर पुढे जायची वाट काढतंच. कांदळवनाच्या मुळांत अडकलेली पिशवी कोणत्या गावची, हे तिथल्या कोळ्याला कधीच कळत नाही.

डोळे उघडा. येत्या पावसाळ्याआधी आपल्या घराजवळचा नाला कोणत्या नदीला मिळतो ते घरच्या थोरामोठ्यांना विचारा, पोरांना तो नाला दाखवा, आणि त्यात काही टाकू नका.