वाड्याचे मधले वय

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ, स्टोक्से कॅसल आहे. नावात किल्ला असला तरी आपल्याकडची गढी असते तसे ते तटबंदीचे राहते घर. लोकरीच्या व्यापारात गबर झालेल्या लॉरेन्स ऑफ लडलोने १२८१ मध्ये ही जहागीर घेतली आणि दहा वर्षांनी पहिल्या एडवर्डकडून तटबंदीचा परवाना मिळवला. दिवाणखान्याच्या भल्यामोठ्या खिडक्या पाहता त्या तटबंदीत बचावापेक्षा मिरवण्याचा भाग अधिक असावा. (नवश्रीमंताला बुरूज हवाच असतो.) आज हे घर जवळजवळ रिकामे आहे. दिवाणखान्यात डोक्यावर लाकडी आढी आणि जमिनीत अष्टकोनी चूल, एवढेच. पण वरच्या मजल्यावर धन्याच्या खोलीत गेले की सतराव्या शतकातली कोरीव शेकोटी समोर येते, आणि अंगणापलीकडची लाकडी देवडीही त्याच शतकातली. जीर्णोद्धार करताना घर '१२९१ चे' करायचे ठरवले असते तर ही दोन्ही कामे आधी उखडावी लागली असती. ती राहू दिली, यातच या जीर्णोद्धाराचे शहाणपण आहे. जुने घर एका सालात बांधले जात असले तरी ते एका सालाचे राहत नाही.

ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरमध्ये नेमके उलटे घडले. पंधराव्या शतकातले हे घर १९१० मध्ये नॅथॅनियल लॉइडने विकत घेतले आणि एडविन लट्येन्सला बोलावले. पुढे नवी दिल्लीत राष्ट्रपती भवन उभारणारा तोच हा. मधल्या शतकांत दिवाणखान्यात घातलेला मजला आणि आडभिंती त्याने काढून टाकल्या, आढ्यापर्यंतची उंची मोकळी केली. जागा कमी पडली म्हणून केंटमधल्या बेनेन्डनचे एक जुने लाकडी घर उकलून आणून शेजारी जोडले. डोळ्यांना हे सगळे फार देखणे वाटते. पण काढलेला तो मजला म्हणजे नुसती अडगळ नव्हती. जमिनीवरच्या उघड्या चुलीचा धूर छपरातून जात होता तोवर वर मजला घालणे शक्यच नव्हते. भिंतीतली धुराडी आली, मजले पडले, आणि एका चुलीभोवती वावरणारे मालक-चाकर वेगवेगळ्या खोल्यांत पांगले. इंग्रजी घरातल्या या सर्वांत मोठ्या बदलाची साक्ष सुंदर दिसण्यासाठी खोडली गेली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारतीचे मधले वय पुसले जाते, ही इंग्रज कवी-कारागीर विल्यम मॉरिसची तक्रार होती. त्यातूनच त्याने १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्थाही काढली.

यावर कुणी म्हणेल, लॉइडला तिथे राहायचे होते आणि राहते घरच टिकते. हे मान्य करायलाच हवे. लट्येन्सने हात लावला नसता तर ते घर आज कसे असते कोण जाणे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: स्टोक्सेचा रिकामेपणाही बनावटच. तिथे धूर नाही, कुत्री नाहीत, गलका नाही. शिवाय एके काळी त्याच वास्तूत धान्याचे कोठार होते, पिंपे घडवली जात. एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत तो संसारही हलवला गेला. म्हणजे तिथेही निवड झालीच. फरक एवढाच की रिकामी खोली पाहणाऱ्याच्या वतीने उत्तरे देत नाही. धन्याच्या खोलीच्या भिंतीत दिवाणखान्यावर उघडणारे दोन लहान झरोके आहेत. तिथून नजर चाकरांवर ठेवली जाई की पाहुण्यांवर, हे दाखवणारा मेणाचा पुतळा त्यांच्यामागे कुणी बसवलेला नाही.