पाठीवरची पिल्लं

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात अबॅटस नावाचं एक सागरी साळिंदर, म्हणजे सी अर्चिन, राहतं. सी अर्चिन म्हटलं की लांब काट्यांचा काळा गोळा डोळ्यांपुढे येतो. अबॅटस तसं नाही. ते बसकं, हृदयाच्या आकाराचं, आखूड काट्यांचं. तळाच्या वाळूत स्वतःला पुरून घेतं आणि तीच वाळू गिळत जगतं. त्याची मादी वरून पाहिली तर पाठीवर चार खोल खळगे दिसतात. कडेचे काटे असे आडवे झुकलेले असतात, की खळग्यांवर जाळीचं झाकण बसवल्यासारखं वाटावं. काटे बाजूला सारले की आत पिल्लं. नजरेत जेमतेम भरतील एवढी, पण काटे फुटलेली, अंगापिंडानं आईसारखीच. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या केर्गेलन बेटांजवळच्या जातीत ही पिल्लं नऊएक महिने तिथंच राहतात. नराच्या पाठीवरही त्याच जागी पाकळ्यांची नक्षी असते, पण उथळ, फक्त श्वासापुरती.

‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश संशोधन जहाज १८७४ मध्ये केर्गेलनला थांबलं होतं. त्या मोहिमेतल्या शास्त्रज्ञांचे प्रमुख वायविल थॉमसन यांनी ही पाठीवरची पिल्लं पाहिली आणि पुढे त्यावर लिहिलं. नवल वाटण्यासारखंच होतं ते. सागरी साळिंदरांची रीत म्हणजे अंडी पाण्यात सोडायची आणि विसरून जायचं. अळ्या प्रवाहाबरोबर आठवडेच्या आठवडे भटकतात, बहुतेक कुणाच्या तरी तोंडी पडतात, उरतील त्या कुठंतरी तळाला टेकतात. इथं मात्र मोजकी, मोठी अंडी आणि आईचा पहारा. पुढे कळलं की अंटार्क्टिकात अशा जाती मूठभर नाहीत. तिथल्या साळिंदरांच्या निम्म्याहून अधिक जाती पिल्लं अंगावर सांभाळतात.

मग कारण शोधायला वेळ लागला नाही. पाणी गोठणबिंदूच्या आसपास, उन्हाळा आखूड, अळ्यांना खायला मिळणार ते चार दिवस. अशा ठिकाणी लेकरांना वाऱ्यावर कोण सोडेल? थंडीनंच आईला ही पाठीवरची पिशवी दिली, असं हे स्पष्टीकरण. आपल्याकडे तर ते ऐकताक्षणी पटतं, कारण आई आणि संकट हे दोन शब्द एकत्र आले की आपण पुढचं फारसं तपासत नाही.

तपासलं ते दगडांनी. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाशी सेमूर नावाचं छोटं बेट आहे. बर्फाच्या राज्यात असूनही ते बरंचसं उघडं, वाऱ्यानं खरवडलेलं, मातकट. १८९२ मध्ये कार्ल अँटन लार्सन हा नॉर्वेचा कप्तान देवमाशांच्या शोधात ‘जेसन’ जहाज घेऊन तिकडे गेला आणि बेटावरून दगड झालेलं लाकूड आणि शिंपले उचलून आला. पुढे ओटो नॉर्डेनशोल्ड यांच्या स्वीडिश मोहिमेत हाच लार्सन ‘अंटार्क्टिक’ जहाजाचा कप्तान होता. १९०३ च्या फेब्रुवारीत बर्फानं ते जहाज चिरडून बुडवलं. शेजारच्या स्नो हिल बेटावर एका हिवाळ्याच्या तयारीनं उतरलेल्यांना दोन हिवाळे काढावे लागले. अखेर अर्जेंटिनाच्या ‘उरुग्वे’ जहाजानं वाचलेल्या सगळ्यांना सोडवलं. एवढ्या हालअपेष्टांतही त्यांनी जीवाश्म गोळा केले होते. त्यांतल्या साळिंदरांचं वर्णन फ्रेंच अभ्यासक लांबेर यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलं.

(सेमूर बेट आपल्यालाही अगदीच परकं नाही. तिथल्या जुन्या थरांतल्या शिंपल्यांवरून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिथलं समुद्राचं पाणी साताठ अंशांनी तापलं, आणि त्या तापण्याचा काळ दख्खनच्या लाव्हाच्या उद्रेकांशी जुळतो. ज्या कातळावर आपले गडकिल्ले उभे आहेत, त्याची झळ तिथवर पोचली असावी.)

सेमूरच्या त्या जुन्या थरांच्या वरचे, साधारण पाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे थर इथं महत्त्वाचे. त्यांत अबॅटस सापडतं. त्याच थरांत झाडांची पानं आहेत, पेंग्विनांची हाडं आहेत आणि पोटाला पिशवी असलेल्या छोट्या सस्तन प्राण्यांचे दातही आहेत. म्हणजे किनाऱ्यावर जंगल होतं आणि पाणी आजच्या मानानं बरंच उबदार. अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर पसरली ती त्यानंतर, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या जुन्या खडकांतही पाठीवर खळगे असलेल्या साळिंदरांच्या माद्या मिळाल्या आहेत, आणि तिथं कुठला आलाय बर्फाचा समुद्र! साळिंदराचं कवच चुनखडीचं असल्यामुळे खळगा दगडातही तसाच राहतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जिवाकडे पाहून ही मादी होती, हिनं पिल्लं सांभाळली, असं सांगता येणं ही गोष्ट मला त्या सगळ्या सिद्धांतांहून मोठी वाटते.

तर पिशवी आधीपासून होती, हिवाळा मागून आला. मग आज तिथं पिशवीवाल्यांची एवढी गर्दी का? एक मत असं, की पाणी गार होत गेलं तसे इतर अनेक घराण्यांचे दिवे मालवले आणि हे टिकले. दुसरं मत मला अधिक रोचक वाटतं. खळग्यातून बाहेर पडलेलं पिल्लू आईशेजारच्याच वाळूत शिरतं. लांब जाण्याचं साधनच त्याच्याकडे नाही. एखादा कळप चुकून दूर पडला, की त्याची मूळच्या गोतावळ्याशी गाठ पुन्हा पडत नाही आणि काळाच्या ओघात त्याची वेगळी जात होते. जाती पुष्कळ झाल्या त्या पिल्लं घराबाहेर पडत नाहीत म्हणून. यात मायेचं कौतुक करण्याजोगं फारसं काही नाही.

आणि अंटार्क्टिकाच्या उथळ पाण्यात सर्रास दिसणारं साळिंदर कुठलं? स्टेरेकायनस न्यूमायेरी. ते अंडी सरळ पाण्यात सोडतं. त्याच्या अळ्या उणे तापमानाच्या पाण्यात तीन-चार महिने तरंगत वाढतात आणि मजेत तळाला येतात. म्हणजे पिशवीवाचून तिथं भागत नाही, हेही खरं नाही.

थंडीनं पिशवी दिली म्हणतात, तसंच संकटानं मला घडवलं, असं आपण सत्काराच्या भाषणात ऐकतो. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण त्याच्या गाठीला घरची कुठली शिदोरी आधीपासून होती, हे त्या भाषणात क्वचितच येतं. आणि ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांना सत्काराला कुणी बोलावत नाही. गरिबीनं, अपमानानं, दुष्काळानं माणसं घडतात हे आपण इतकं सहज म्हणतो, की पुढेपुढे ती सोसायला लावणंही पुण्याचं काम वाटू लागतं.

तेव्हा ‘निसर्गानं केलेली सोय’ असं कुठंही वाचलंत, किंवा हालांनी माणूस कसा कणखर होतो हे कुणी घरातल्या मुलांना ऐकवू लागलं, तर थोडं थांबा आणि विचारा: यातलं आधी काय होतं?