दुःखाची बातमी आणि कारणाची चौकशी

सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही आणि अलीकडे महापूरही नवा राहिलेला नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला, खडी फोडून आणि सुकडी खाऊन ज्यांनी मुले जगवली, ती वृद्ध माणसे आजही आपल्या वस्त्यांतून आहेत. त्यांच्याच नातवंडांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचा महापूर पाहिला. माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांत पाणी शेतांत शिरले, घरांत शिरले, गुरे वाहून गेली. पाणी नसल्याचे दुःख आणि पाणी अनावर झाल्याचे दुःख, ही दोन्ही दुःखे एकाच कुटुंबाच्या वाट्याला आली. दोन्हींच्या बातम्या वृत्तपत्रांनी दिल्या. प्रश्न इतकाच आहे की, त्या बातम्या वाचून आपल्याला दुःखाचे कारण कळले काय?

बातमीची भाषा पाहा. पाऊस लांबला की 'वरुणराजा रुसला', पाऊस फार झाला की 'निसर्ग कोपला', पीक बुडाले की 'अस्मानी संकट'. आपण धम्मदीक्षा घेतली, घरातला देव्हारा काढला, आणि तोच देव रोज सकाळी वृत्तपत्रातून पुन्हा घरात येऊन बसतो! ही केवळ बोलण्याची लकब आहे, तिचे एवढे काय मनावर घ्यायचे, असे कोणी म्हणेल. पण शब्दांच्या मागे विचार असतो. देव रुसला असेल तर त्याला जाब कोण विचारणार? निसर्ग कोपला असेल तर चौकशी कोणाची करणार? जिथे कोप आहे तिथे माणूस हात जोडतो. जिथे कारण आहे तिथे तो प्रश्न विचारतो. बातमी आपल्याला हात जोडायला शिकवते की प्रश्न विचारायला, हा म्हणूनच नीतीचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून मारामारी झाली. शाक्यांचा सेनापती युद्धाची भाषा बोलू लागला. सिद्धार्थ काय म्हणाला? आधी चौकशी करा, दोष कोणाचा ते पाहा. दोन्हीकडची दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. पाण्याचा प्रश्न इतका जुना आहे आणि तो सोडवण्याची बुद्धिवादी रीतही तितकीच जुनी आहे. आजच्या काळात ही चौकशी समाजाच्या वतीने ज्याने करायची, त्याचे नाव पत्रकार.

मग या बदललेल्या हवामानाविषयी चौकशीत काय सापडते? कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळून माणसाने हवेत कर्बवायू साठवला. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगाच्या आरंभापासून एक अंशाहून अधिक वाढले. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस अनेक दिवस दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. यात कोणाचा कोप नाही. हे आहे तर ते होते, असा हा कार्यकारणभाव आहे.

परदेशांतील पत्रकारांनी या बाबतीत एक वेगळा दोष केला. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली त्यांनी एका पारड्यात हजारो शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या पारड्यात मूठभर नाकारणारे बसवले आणि 'दोन्ही बाजू' छापल्या. अमेरिकेतील चार मोठ्या दैनिकांच्या १९८८ ते २००२ या काळातील लेखनाचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक बातम्यांत दोन्ही बाजूंना जवळपास सारखे वजन दिलेले आढळले. परिणाम असा झाला की, शास्त्रज्ञांचे जे ठरले होते ते वाचकाला न ठरलेले वाटत राहिले. खोटे न बोलताही असत्य पसरवता येते, ते असे. सम्यक वाचेचा विचार करताना हा प्रकार आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

आपल्याकडे हवामान बदल नाकारणारे फारसे नाहीत. आपल्याकडचा धोका निराळा आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. जिथे पूर्वी 'दैव' हा शब्द होता, तिथे आता 'हवामान बदल' हा शब्द बसू लागला आहे. कोणतीही सर आली की 'ढगफुटी' छापून येते. हवामान खाते एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस लहानशा क्षेत्रावर पडला तरच ढगफुटी म्हणते, पण हे तपासतो कोण? एकदा ढगफुटी म्हटले की नाल्यावर कोणी बांधकाम केले, नदीपात्र कोणी आवळले, धरणातून पाणी सोडण्याची सूचना नदीकाठच्या वस्तीपर्यंत वेळेवर पोचली की नाही, हे प्रश्न आपोआप बाजूला पडतात. हवामान बदल खरा आहे. पण खरी गोष्टसुद्धा कोणाची जबाबदारी झाकण्यासाठी वापरली गेली, तर ती दैवाचेच काम करते.

उजनीचे उदाहरण घ्या. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातील सुमारे ६४ टीएमसी मृत साठा. २०२३ चा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. 'उजनी मायनसमध्ये' ही ओळ आपण रोज वाचली. पण पाणी गेले कुठे, हे किती वेळा वाचले? राज्यात पिकाखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, अशी नोंद केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने केली होती. हा जिल्हा तर साखर कारखान्यांचा जिल्हा. याच उजनीचे पाणी दक्षिण सोलापुरातील फताटेवाडी-आहेरवाडी येथील १३२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला दिले गेले. ते केंद्र २०१७ ते २०१९ या काळात सुरू झाले आणि तेथे कोळसा जळतो. म्हणजे एकाच धरणाच्या पाण्यात आपल्याला दुःखही दिसते, त्याचे स्थानिक कारणही दिसते आणि जागतिक कारणाचा एक धागाही दिसतो. आणि सोलापूर शहरातील माणसाला मात्र कित्येक वर्षे तीन-चार दिवसांआड नळाची वाट पाहावी लागली. पाऊस कमी पडला हे कारण खरे आहे, पण ते अर्धे आहे. अर्धे कारण सांगणारी बातमी अर्धेच सत्य सांगते.

आता दुःख कोणाचे, याचाही विचार करू. उन्हाळ्यात 'सोलापूरचा पारा ४३ अंशांवर' असा मथळा येतो आणि सोबत रसवंतीचे किंवा विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांचे छायाचित्र असते. तो आकडा वेधशाळेतील, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. पत्र्याच्या खोलीत सुपात तंबाखू घेऊन विडी वळणाऱ्या बाईच्या डोक्यावर किती अंश असतात, ते कोणी मोजले? यंत्रमागावर उभा राहणारा कामगार, वीटभट्टीवरची जोडपी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, नाल्यात उतरणारा सफाई कामगार, यांच्यासाठी ऊन हा ऋतू नसून मजुरी बुडवणारा रोग आहे. पूर येतो तेव्हा सखल भागातील वस्ती आधी बुडते, आणि गावात सखल भाग कोणाच्या वाट्याला आला हे आपल्याला कोणी सांगायला नको. नुकसानीचा पंचनामा शेताचा होतो. ज्याला शेतच नाही त्याच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोण करतो? बातमी जर सातबाऱ्यापाशी थांबली तर भूमिहीन माणूस बातमीत येतच नाही.

कोणाचे दुःख बातमी ठरते, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'त छापली गेली नाही, हा इतिहास आहे. पुढे १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना, पत्रकारिता व्यवसाय न राहता धंदा झाली आहे आणि साबण तयार करण्यापेक्षा अधिक नैतिक जबाबदारी ती मानत नाही, अशा आशयाची कठोर टीका त्यांनी केली. ती टीका आज वाचतानाही जुनी वाटत नाही.

दुःख आणि कारण यांच्यानंतर येतो उपाय. येथेही पत्रकाराची परीक्षा असते. लोकांना आशा हवी असते आणि आशेची बातमी खपते. त्याचे उदाहरण आपल्याच सोलापूरचे आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस. म्हणून पुण्याच्या त्याच संस्थेने येथील ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. दोन पावसाळ्यांत २७६ ढग निवडले गेले. काहींत विमानातून क्षाराचे सूक्ष्म कण सोडले, काहींत सोडले नाहीत, आणि दोहोंची तुलना केली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. मथळे आले, 'सोलापुरात कृत्रिम पाऊस यशस्वी'.

मथळा खोटा नव्हता. पण शास्त्रज्ञांनी आणखीही काही सांगितले होते. योग्य ढग असतील तरच हे साधते, कोरड्या आकाशातून पाऊस काढता येत नाही आणि केवळ या उपायाने दुष्काळ हटत नाही. १८ टक्के कशाचे, किती क्षेत्रात, कोणत्या ढगांवर आणि कोणाच्या शेतासाठी, हे चार प्रश्न मथळ्याखाली यायला हवेत. ते आले नाहीत तर शास्त्रज्ञाचा प्रामाणिक प्रयोग वाचकाच्या मनात चमत्कार होऊन बसतो. आणि चमत्काराची वाट पाहणारा समाज पाणीवाटपाचा प्रश्न विचारत नाही. एका विमानाने ऊस, गळती आणि टँकर या सगळ्यांचा विसर पडतो!

उलट, १९७२ मध्ये काय घडले ते आठवा. पाऊस पाडता आला नाही. पण दुष्काळात धान्याइतकाच दुष्काळ कामाचा असतो, हे कारण लोकांनी मोर्चे काढून पुढे आणले. दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. कारण नेमके सापडले म्हणून उपाय सापडला. १९४५ साली कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना मजूरमंत्री बाबासाहेबांनीही हीच दृष्टी ठेवली. पुराचे पाणी हे संकट मानून समुद्रात लोटू नका, ते साठवा आणि शेतीला, विजेला, वाहतुकीला वापरा, हा त्यांचा आग्रह होता.

तालुक्याच्या बातमीदाराला आपण एकट्याला दोष देऊ नये. त्याला मिळणारे मानधन तुटपुंजे असते. ज्या कारखान्याविषयी लिहायचे त्याचीच जाहिरात मिळवण्याचे काम पुष्कळदा त्याच्याच गळ्यात असते. अशाही स्थितीत गुडघाभर चिखलातून वस्तीपर्यंत जाणारे बातमीदार आहेत आणि त्यांच्यामुळेच आपल्याला पुष्कळ काही कळते. तथागतांनी बोलण्याची जी कसोटी सांगितली, ती त्यांनाही मार्गदर्शक ठरेल. बोलणे खरे असावे, हिताचे असावे आणि योग्य वेळी असावे. ते ऐकणाऱ्याला आवडेल की नाही, ही कसोटी नव्हे. पुरानंतर पंधरा दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर, त्याच वस्तीत परत जाऊन घेतलेली बातमी या कसोटीला बहुधा अधिक उतरते.

पण कसोटी केवळ लिहिणाऱ्याची नसते, वाचणाऱ्याचीही असते. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते वृत्तपत्रालाही लागू आहे. छापले आहे म्हणून मानू नका, तपासा. घरात ज्याला वाचता येते त्याने संध्याकाळी बातमी मोठ्याने वाचावी आणि सर्वांनी मिळून विचारावे: दुःख कोणाचे सांगितले, कोणाचे राहिले? कारण सांगितले की कोपावर भागवले? उपाय सांगितला तर तो कोणी तपासला आणि त्याचा लाभ कोणाला? उत्तर मिळाले नाही तर संपादकाला एक पत्र लिहावे, ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा, आपल्या वस्तीत पाणी कुठवर चढले त्याची खूण आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. ती नोंद उद्या पंचनाम्यालाही उपयोगी पडेल आणि बातमीदारालाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपण पाण्याचा हक्क मागितला. त्या पाण्याचे कारण आणि हिशेब मागणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.