आवड आणि आस्वाद : बैठकीतील श्रोत्याचे उत्तरदायित्व

आस्वादाची चर्चा आपल्याकडे बहुधा लिखित संहिता समोर ठेवून होते. कविता वाचकाच्या हाती येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते. वाचकाने ती बेपर्वाईने वाचली तरी तिच्या शब्दांना इजा पोहोचत नाही. ख्यालगायनाची खासगी बैठक या गृहीतकाला छेद देते. पन्नास-साठ श्रोते, अंथरलेली सतरंजी, दोन तानपुरे आणि चार हातांवर बसलेला गायक, एवढाच तिचा पसारा. राग आणि बंदिश पूर्वसिद्ध असली, तरी त्यांचा त्या दिवशीचा विस्तार पूर्वसिद्ध नसतो. तो श्रोत्यांच्या देखत आणि काही अंशी त्यांच्या प्रतिसादातून घडतो. म्हणूनच येथे श्रोत्याच्या हातून कलाकृतीवर आणि कलावंतावर अन्याय होऊ शकतो. गायक ‘आवडता’ असेल तर ही शक्यता कमी न होता वाढते, असे मला वाटते.

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेल्या प्रेक्षकाची जाणीव अन्य वस्तूवर विसावू शकत नाही, असा त्याचा आशय. या विघ्नाच्या निवारणासाठी अभिनवगुप्त जे उपाय सुचवतो, त्यांत गान आणि वाद्यवादन यांचाही समावेश आहे. प्रेक्षकाने घरून आणलेले सुखदुःख गाण्याने मागे पडावे, ही अपेक्षा. परंतु ज्याचे निजसुख त्या विशिष्ट गाण्यातच गुंतलेले आहे, त्याचे काय? आवडत्या गायकाच्या बैठकीला आलेला श्रोता याच पेचात असतो. जे औषध म्हणून योजले, तेच येथे व्याधीचे कारण ठरते.

या पेचाला आधुनिक काळात एक नवे परिमाण लाभले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले आणि तीन मिनिटांच्या तबकडीत गाणे ‘वस्तू’ होऊ लागले. तबकडीने गाणे दूरवर नेले, हा तिचा उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण तिने श्रोत्याला एक सवयही लावली : हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा, तेच आणि तसेच ऐकण्याची. आवड पुनरावृत्तीतून पक्की होते. अशी पक्की झालेली आवड घेऊन श्रोता बैठकीत येतो, तेव्हा तो समोरच्या गायकाला स्मरणातल्या गायकाशी ताडून पाहू लागतो. स्वर मिळाला की तो आनंदतो. पण तो आनंद पुष्कळदा ओळख पटल्याचा असतो, ऐकल्याचा नव्हे.

किशोरी आमोणकर (१९३२-२०१७) यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. आई मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) यांच्याकडून त्यांना जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम मिळाली. परंतु पुढे त्यांनी आलापीला आणि भावाविष्काराला दिलेले स्थान घराण्याच्या रूढ चौकटीत मावणारे नव्हते. त्यांच्या भूप रागाच्या ध्वनिमुद्रणाची रसिकांनी पारायणे केली. श्रोत्यांची शांतता आणि एकाग्रता यांविषयी त्या विलक्षण आग्रही असत, आणि या आग्रहाची संभावना अनेकांनी ‘लहरीपणा’ अशी केली. मैफलींच्या निमित्ताने आईच्या वाट्याला आलेली अवहेलना त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. ती लक्षात घेतली की या आग्रहाचा अर्थ बदलतो. खासगी बैठकीच्या जवळिकीला सरंजामी आश्रयाचा इतिहास आहे. आश्रयदात्याच्या दिवाणखान्यात फर्माईश ही विनंती नसे, ती आज्ञा असे. गाणारी स्त्री असली की त्या आज्ञेत आणखीही काही मिसळलेले असे. आजचा रसिक आश्रयदाता नाही. तरीही ‘माझी आवडती गायिका’ या शब्दप्रयोगातील षष्ठी निरुपद्रवी आहे, असे म्हणता येत नाही.

मग श्रोत्याने आवड बाहेर ठेवून यावे काय? कांटने सौंदर्याच्या आनंदासाठी हितसंबंधरहित वृत्तीची अट घातली. पण बैठकीत निव्वळ तटस्थता उपयोगाची नाही. विलंबित त्रितालाच्या सोळा मात्रा मनात धरून गायकाबरोबर समेवर येणारा श्रोता तटस्थ नसतो. त्याची दाद नेमक्या जागी पडते, याचे कारण त्याने त्या गायकीवर अनेक वर्षे प्रेम केलेले असते. सहृदयतेला अभ्यास लागतो, आणि आवडीवाचून अभ्यास टिकत नाही. तेव्हा भेद आवड आणि अलिप्तता यांत नसून आवडीच्या दोन रूपांत आहे. एक आवड पूर्वी मिळालेले सुख परत मागते. दुसरी, पूर्वी मिळालेल्या सुखाच्या आधारावर, गायकाला अनोळखी वाटेने जाऊ देते. पहिलीत गायक साधन होतो. दुसरीत तो कर्ता राहतो.

यावर असा आक्षेप येईल की हे सारे दायित्व श्रोत्यावरच का? गायकाचे काहीच देणे नाही काय? आहे. त्याने गांभीर्याने गावे, समोरच्यांना गृहीत धरू नये, हे मागण्याचा श्रोत्याला निःसंशय अधिकार आहे. मात्र गांभीर्य मागणे आणि विशिष्ट फळ मागणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या संध्याकाळी राग उलगडत नाही. गायक एकाच स्वरसमूहाशी पुनःपुन्हा येतो आणि परततो. सभागृहाच्या अंधारात अशा वेळी उठून जाता येते, तबकडी तर अशी वेळ येऊच देत नाही. बैठकीत मात्र गायकाला आपला चेहरा दिसत असतो. त्या चेहऱ्यावरची निराशा त्याला सोप्या, हमखास दाद मिळवणाऱ्या जागांकडे ढकलू शकते. तेथील स्वस्थ अवधान त्याला शोध चालू ठेवण्याची मुभा देऊ शकते. यांपैकी आपण काय देतो, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा भार आपण किती काळ वाहू शकतो, असा तो नैतिक प्रश्न आहे, आणि आवडत्या गायकासमोर त्याचे उत्तर देणे सर्वांत अवघड जाते.