विचारलं नाही म्हणून

वेव्हफॉर्म जनरेटरच्या मेनूत एक हृदय असतं. साइन, स्क्वेअर, रॅम्प ही नेहमीची मंडळी ओलांडून पुढे गेलं की बऱ्याच मॉडेल्समध्ये 'कार्डिअ‍ॅक' नावाचा पर्याय सापडतो. तो निवडायचा, फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झ ठेवायची, की मिनिटाला ६० ठोके. १.२ केली की ७२. हे हृदय कुणाचंच नाही, पण त्याचे ठोके कुठल्याही माणसापेक्षा नियमित पडतात.

मी तेव्हा पुण्यात पेशंट मॉनिटर बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. मॉनिटर ठोके नीट मोजतो का हे तपासायला दर वेळी खरा पेशंट आणता येत नाही. म्हणून आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर. साधारण बुटाच्या खोक्याएवढं यंत्र. त्याला आकड्यांची यादी द्यायची, ते त्याच क्रमाने व्होल्टेज बाहेर सोडतं. छातीवर मिळणारा हृदयाचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो, म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट लावायचं. जनरेटर यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा आणि सगळं पायथनमधून चालवायचं. ते सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम.

आईला एकदा हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मशीनला फसवता?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. बनावट ठोका खरा म्हणून मॉनिटरपुढे ठेवणं हे खोटं बोलणं आहे का?

पहिल्याच आठवड्यात मला वाटलं होतं की खोटं बोलतोय तो जनरेटर. स्क्रीनवर १ व्होल्ट सेट केला होता, स्कोपवर २ दिसत होते. केबल बदलली, प्रोब बदलला, तरी २. शेवटी लॅबमधल्या टेक्निशियन काकांना बोलावलं. त्यांनी एक बटण दाबलं आणि आकडे जुळले. म्हणाले, "अरे, तो खोटं नाही बोलत. समोर कोण आहे ते तू त्याला सांगितलंच नाहीस."

जनरेटरच्या आउटपुटला आतून ५० ओहमचा रेझिस्टन्स असतो. समोरही ५० ओहमच जोडलेले असतील असं तो धरून चालतो. तसं असेल तर निम्मं व्होल्टेज आत राहतं, निम्मं समोरच्याला मिळतं, आणि स्क्रीनवर हा समोरच्याला मिळणारा आकडा दिसतो. पण स्कोपचा रेझिस्टन्स असतो १० लाख ओहम. त्याला जवळजवळ सगळंच मिळतं, म्हणजे दुप्पट. म्हणून सेटिंगमध्ये 'हाय झेड' निवडून यंत्राला सांगावं लागतं की ऐकणारा वेगळा आहे.

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. एखादी गोष्ट खरी की खोटी हे फक्त बोलणाऱ्याच्या बाजूने ठरत नाही. ऐकणारा काय धरून बसलाय, हेही त्यात येतं. टेस्ट बेंचवरच्या मॉनिटरकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की ठोका बनावट आहे. तिथे कुणाची फसवणूक होत नाही. तोच ठोका विक्रीच्या प्रात्यक्षिकात खऱ्या पेशंटचा म्हणून दाखवला, तर सिग्नलचा एकही बिंदू न बदलता तो खोटा होतो.

उरलेलं अर्धं उत्तर मला महागात पडलं.

खरा पेशंट स्वच्छ ठोके देत नाही. तो कूस बदलतो, थंडीने कुडकुडतो, इलेक्ट्रोड सैल होतो, घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळते. म्हणून मी स्वच्छ ठोक्यात वेगवेगळा नॉइज मिसळून ४० वेव्हफॉर्म तयार केले. स्क्रिप्ट एकेक वेव्हफॉर्म जनरेटरवर चढवणार, मॉनिटरने मोजलेले ठोके वाचणार, पास की नापास ते लिहिणार. रात्रभर चालवलं. सकाळी ४० पैकी ४० पास. सोमवारी रिपोर्ट ग्राहकाकडे गेला, खाली माझं नाव.

मंगळवारी वेगळ्याच कामासाठी स्कोप लावला आणि नॉइजवाला एक वेव्हफॉर्म चढवला. पडद्यावर स्वच्छ ठोका. परत चढवला. परत स्वच्छ.

कारण अगदी साधं होतं. यादीतला प्रत्येक आकडा उणे १ ते अधिक १ च्या आत असावा लागतो. माझ्या स्वच्छ ठोक्याचं टोक बरोबर १ वर होतं. त्यावर नॉइज मिसळला की कुठेतरी १.०३ व्हायचं. जनरेटर अख्खी यादी नाकारायचा आणि आधीचाच वेव्हफॉर्म सोडत राहायचा. चाळीसही टेस्ट एकाच स्वच्छ हृदयावर झाल्या होत्या.

मग यंत्राने सांगितलं का नाही? सांगितलं होतं. या यंत्रांची कमांडची भाषा, एससीपीआय, १९९० सालची. तिच्यात चूक झाली की यंत्र ती आतल्या एका रांगेत टाकतं आणि कुणी विचारेपर्यंत तिथेच ठेवतं. मी विचारलं. उणे २२२, डेटा आउट ऑफ रेंज. पुन्हा उणे २२२. पुन्हा तेच. आमच्या मॉडेलच्या रांगेत २० जागा. शेवटच्या जागेवर उणे ३५०, म्हणजे रांग भरली, पुढचं लिहायला जागा नाही. चूक झाली की बीप वाजण्याची सोयही होती. आवाजाचा त्रास होतो म्हणून ती मीच बंद केली होती.

मी कुणालाच सांगितलं नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार. कुणी विचारलंही नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजाने 'कुंजर' हा शब्द निदान पुटपुटला तरी होता. मी तेवढंही केलं नाही.

गुरुवारी रात्री सगळे गेल्यावर आकडे ०.९ च्या आत बसवले आणि चाळीसही टेस्ट पुन्हा चालवल्या. पहाटेपर्यंत बसलो. चाळीसच्या चाळीस पास.

हा क्षण सगळ्यात अवघड होता. आता रिपोर्टमधलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मॉनिटर नॉइज सहन करतो असं लिहिलं होतं, आणि तो खरंच करत होता. मग सांगायचं ते काय?

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाने एक उदाहरण दिलंय. मांस भाजायला कुणीतरी नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून नाही, पण वर कीटकांचा थवा घोंगावतोय. लांबून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव खरंच आहे. पण त्याला ते माहीत होतं असं म्हणायचं का? १९६३ साली एडमंड गेटियरने तीन पानांच्या निबंधात याच जातीचा प्रश्न विचारला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान अजून त्याच्याशी झगडतंय. माझा रिपोर्ट कीटकांकडे बघून लिहिलेला होता. विस्तव निघाला हे नशीब.

रिपोर्ट वाचणाऱ्याने 'मॉनिटर चांगला आहे' एवढ्यावर विश्वास ठेवलेला नसतो. 'हे कुणीतरी तपासलंय' यावर ठेवलेला असतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. गाडी टेस्टवर आहे हे तिचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी ठेवायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. वर्गात आम्ही त्यावर तावातावाने बोललो होतो. ती जाणूनबुजून केलेली फसवणूक, माझी नुसती चूक, हे खरं. पण मंगळवार दुपारनंतर ती नुसती चूक राहिली नव्हती.

आणि यंत्राची पळवाट मला नव्हती. रांगेत चुका असतात हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, विचारायचं कसं तेही. ग्राहकाला मात्र काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. 'विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही' हे उत्तर, समोरच्याला प्रश्न माहीत असेल तरच चालतं.

शुक्रवारी सकाळी मॅनेजर मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता पास आहेत ना?"

"हो मॅडम."

"कळलं कधी?"

"मंगळवारी."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुधारित रिपोर्ट कर. तारीख आजची टाक. आणि का बदलला ते स्पष्ट लिही." ग्राहकाकडून एका ओळीची पोच आली. एवढंच झालं.

आता माझी स्क्रिप्ट प्रत्येक कमांडनंतर रांग वाचते. टेस्ट थोड्या उशिरा संपतात. बीपही चालू ठेवलाय, शेजारचे वैतागतात.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. मी सांगितलं ते गुरुवारच्या रात्रीनंतर, चाळीसही पास झाल्यावर, म्हणजे सांगणं स्वस्त झाल्यावर. त्यातल्या चार नापास झाल्या असत्या तर शुक्रवारी सकाळी मी त्या केबिनमध्ये गेलो असतो का? हो म्हणावंसं वाटतं. पण ती टेस्ट मी दिलेली नाही.